हंड्यावरचं नाव

नांदेडला गोदावरीच्या घाटाकडे उतरणारी एक गल्ली होती. त्या गल्लीतल्या देवळाच्या ओवरीत आमचा बालवर्ग भरायचा. दिवस निजामी होते. सरकारी शाळेत सगळं उर्दूतून चालायचं, आणि मराठी शिकवायचं तर कुणाच्या तरी मेहेरबानीनं, परवानगी काढून, असं बाजूला बसून शिकवावं लागायचं. आमची ओवरी म्हणजे तीन बाजूंनी भिंत, चौथी बाजू उघडी. शेळ्या आत यायच्या. दुपारी ऊन सरकत सरकत आमच्या पाट्यांवर आलं की बाई म्हणायच्या, "उठा, सूर्यदेवाला जागा द्या," आणि आम्ही सगळे सरकून बसायचो.

बाई तिशीच्या असाव्यात. लग्नानंतर लवकरच नवरा गेला होता, आणि भावानं लोकांचं न ऐकता त्यांना बाहेर पाठवून शिकवलं होतं. त्या शिकून परत आल्या आणि त्यांनी हा वर्ग काढला. पांढरं लुगडं नेसायच्या, पण हसायला लागल्या की अंगभर हसायच्या. आमच्या आयांना त्याचं फार नवल वाटायचं.

बाईंच्या वर्गात परीक्षा नव्हती, एक रिवाज होता. मूल जेव्हा पहिल्यांदा आपल्या आपण काही वाचेल तेव्हा त्याचा सोहळा करायचा. पण त्या वाचण्याला अटी होत्या. "पुस्तकातलं चालणार नाही," बाई सांगायच्या. "फळ्यावरचं नको, कुणी कानात सांगितलेलं नको. आधी दुसऱ्यानं वाचून झालेलंही नको. गावात आधीपासून लिहिलेलं काहीतरी हुडका, एकट्यानं वाचा, आणि मला येऊन सांगा. मग आपण सगळे ते बघायला जाऊ."

आणि खरंच सगळे जायचो. ज्यानं वाचलं असेल तो पुढे, त्याच्या हातात वर्गाची पितळी घंटा, कानावर झेंडूचं फूल. मागे आम्ही पोरं, सगळ्यात शेवटी बाई. त्या जागेवर पोचलं की पुढच्यानं बोट ठेवून मोठ्यांदा वाचायचं, आम्ही टाळ्या वाजवायच्या आणि बाई त्याच्या जिभेवर खडीसाखर ठेवायच्या. गल्लीतले लोक दारात यायचे. त्याला आम्ही जुलूस म्हणायचो. मोहरमचा जुलूस असतो, लग्नाचा असतो, तसा हा वाचण्याचा.

पहिला जुलूस स्टेशनावर गेला. एका मुलाचे वडील रेल्वेत होते. त्यानं फलाटावरच्या पाटीवर इंग्रजी आणि उर्दूच्या जोडीला असलेलं 'नांदेड' वाचलं. स्टेशनमास्तरांनी आम्हाला इंजिनाजवळ उभं केलं. दुसऱ्या एका मुलीनं देवळाच्या पायरीवर कोरलेलं कुण्या भाविकाचं नाव वाचलं. ती पायरी ओवरीपासून हाकेच्या अंतरावर होती, तरी बाईंनी आम्हाला सगळ्या घाटाला वळसा घालून तिथं नेलं. जुलूस म्हटल्यावर थोडं चालायला पाहिजे की नाही?

सगळ्यात गंमत झाली ती धर्मशाळेची. आमच्यातला एक लठ्ठ, अबोल मुलगा एक दिवस पळत आला आणि म्हणाला, "बाई, म्या वाचलं." कुठं वाचलं ते सांगेना, नुसता लाजायचा. आम्ही घंटा वाजवत त्याच्या मागं गेलो. त्यानं धर्मशाळेच्या भिंतीवर बोट ठेवलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "येथे थुंकू नये!" तिथं पान खाऊन उभा असलेला एक यात्रेकरू एवढा दचकला की तोंडातलं पान गिळून बसला. बाई हसून हसून खालीच बसल्या. धर्मशाळेच्या कारभाऱ्यानं आम्हाला ओंजळ ओंजळ मुरमुरे दिले आणि म्हणाला, "इतके दिवस लिव्हलंय, आज पैल्यांदा कोणीतरी वाचलं."

असे एकेक जण वाचत गेले आणि मी राहिले.

मला वाचता येत नव्हतं असं नाही. अक्षरं मला लवकर आली होती, जोडाक्षरांचीही भीती नव्हती. अडचण वेगळीच होती. नांदेडात वाचायला मराठी उरलंच नव्हतं. कचेरीवरची पाटी उर्दू, चावडीवरची उर्दू, दवाखान्यावरची उर्दू. माझे अण्णा कचेरीत कारकून होते. ते घरी कागद आणायचे तेही उर्दूच, उजवीकडून डावीकडे पळणारे. बाजारातल्या बहुतेक दुकानांच्या पाट्या तशाच. ज्या चार-दोन ठिकाणी मराठी होतं ते पुढच्या पोरांनी वाचून संपवलं होतं. किराणा दुकानातला 'साखर' लिहिलेला डबासुद्धा गेला होता.

मी रोज शाळा सुटल्यावर बाजारातून मान वर करून चालायचे. दोनदा बैलाला धडकले. कापडाच्या दुकानात एक म्हातारे चाचा बसायचे, पांढऱ्या दाढीचे, मायच्या ओळखीचे. त्यांची पाटी मोठी, निळ्या रंगाची, पण उर्दू. मी एक दिवस त्यांनाच विचारलं, "चाचा, तुमची पाटी मराठीत काहून नाही?"

चाचा हसले. "बेटा, मेरेकू तो उर्दू बी पढना नै आता. पेंटर जो लिख्या सो लिख्या."

"मग त्यानं दुसरंच काही लिव्हलं आसंल तर?"

चाचा उठून रस्त्यावर आले आणि आपल्या पाटीकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तेरे वास्ते नीचे मराठी में लिखवा देऊं क्या?"

मी उड्या मारत बाईंकडे गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "चाचा भले आहेत. पण तुझ्यासाठी लिहून घेतलेलं आपण वाचत नाही. आधीपासून असलेलं हुडकायचं. असतं गं, लिहिलेलं पुष्कळ असतं. आपण बघत नाही."

मी घरी येऊन रडले. मायला कळेना काय झालं. माय देवणीकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची लेक. तिला शाळा माहीत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "रडून राहिलीस कशाला? चल, भांडी घासू लाग. हात चालला की डोकं थंड होतंय."

मागच्या अंगणात भांडी पडली होती. मायनं मला राख दिली आणि तिचा पाण्याचा हंडा पुढे सारला. तांब्याचा मोठा हंडा, तिच्या लग्नातला. रोज सकाळी हाच हंडा कमरेवर घेऊन ती नदीवर जायची. मी चिंच आणि राख लावून त्याचा गळा घासायला लागले. घासता घासता बोटांना खरखर लागली. गळ्याखाली ठिपके होते. ओळीत, एकमेकांना लागून, ठोकून काढलेले. आजवर मी ते शंभरदा बघितले असतील आणि मला ती नक्षी वाटली होती. त्या दिवशी राख नेमकी ठिपक्यांत जाऊन बसली, भोवतीचं तांबं लखलखीत झालं, आणि नक्षीला एकदम काना दिसला.

काना दिसल्यावर मग वेलांटी दिसली. मी श्वास धरून एकेक अक्षर लावलं. नाव होतं, बाईमाणसाचं. एका नदीचं नाव. ते मी इथं लिहीत नाही, ते तिचं आहे.

"माय, ही कोण गं?" मी विचारलं आणि ते नाव मोठ्यांदा म्हटलं.

मायच्या हातातली परात खाली पडली. कितीतरी वेळ ती घुमत राहिली आणि माय तिच्याकडे बघतही नव्हती.

"काय म्हणलीस? आनिक एकदा म्हण."

मी परत म्हटलं. माय माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. "हितं लिव्हलंय ते?"

"हाव. हे बघ. ठिपके दिसून राहिले ना? ही अक्षरं हायत."

तिनं राखेचं बोट त्या ठिपक्यांवरून नेलं, तान्ह्या लेकराच्या गालावरून न्यावं तसं. मग हसायला लागली. डोळ्यांत पाणी आणि तोंडानं हसणं, असं मी तिला आधी कधी बघितलं नव्हतं.

"ती मी हाय," ती म्हणाली.

मला काही कळेना, कारण मायचं नाव वेगळं होतं. मग तिनं सांगितलं. लग्नात सासरच्यांनी तांदळात लिहून तिचं नाव बदललं होतं, सगळ्या बायकांचं बदलतात तसं. लग्नानंतर काही दिवस तिला हाक मारली तर कळायचंच नाही की आपल्यालाच बोलावतायत. पुढं सवय झाली. माहेर लांब, जाणं-येणं फार नाही, आणि माहेरीही आता सगळे 'लेकराची माय' म्हणायचे. आपलं जुनं नाव तिनं कितीतरी वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि इतकी वर्षं रोज सकाळी ते तिच्याच कमरेवर नदीला जाऊन येत होतं.

मी तशीच, राखेच्या हातांनी, बाईंकडे पळाले.

दुसऱ्या दिवशी माझा जुलूस ठरला आणि आमच्या घरात धांदल उडाली. मायनं पहाटे उठून अंगण सारवलं, रांगोळी घातली. "एवढी लेकरं माझ्या अंगणात येनार, आन् बाई येनार! खायला काय देऊ?" असं तिनं मला इतक्यांदा विचारलं की शेवटी अण्णाच म्हणाले, "मला कचेरीत जाऊ दे, मग काय पाहिजे ते कर." अण्णांना आम्ही नावाचं काही सांगितलं नव्हतं. मायनंच नको म्हटलं होतं. "आधी हू दे," ती म्हणाली.

माझ्या कानावर झेंडूचं फूल होतं, हातात घंटा होती. ती एवढी जड असेल असं मला वाटलं नव्हतं. बाजाराच्या कोपऱ्यावर आम्ही वळलो आणि एक पोलीस आडवा आला. त्या दिवसांत चार माणसं घोषणा देत निघाली तरी पोलीस विचारायचा, आणि आम्ही तर घंटा वाजवत निघालो होतो.

"ये जुलूस काहे का? इजाजत है?"

आम्ही सगळे बाईंच्या लुगड्याला चिकटलो. बाई जरासुद्धा घाबरल्या नाहीत. त्यांची उर्दू चांगली होती. त्या म्हणाल्या, "जमादार साहब, इस बच्ची को पढ़ना आ गया. उसका जुलूस है."

पोलिसानं खाली माझ्याकडे बघितलं. "अच्छा? क्या पढ़ी?"

"हंडा," मी म्हणाले.

तो इतका मोठ्यांदा हसला की पागोट्यावरचा तुरा हलला. मग त्यानं काय करावं? तो आमच्या पुढं झाला आणि काठीनं रस्त्यातली गाढवं, टांगे बाजूला करत आम्हाला आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून आला. चाचा दुकानातून उठून मागे आले. शेजारच्या बायका आल्या. माझ्या जुलुसाएवढी गर्दी कुणाच्याच जुलुसाला झाली नव्हती. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगत होते, आजही सांगते.

अंगणाच्या मधोमध पाटावर हंडा ठेवला होता. मायनं त्याला हळदीकुंकू लावलं होतं, आणि स्वतः दाराआड उभी होती. मी बोट ठेवून वाचलं. अक्षर अन् अक्षर वेगळं, मग सगळं एकत्र. टाळ्या झाल्या. बाईंनी माझ्या जिभेवर खडीसाखर ठेवली आणि विचारलं, "आता सांग, ह्या कोण?"

मी दाराकडे बघितलं. वाटलं होतं की माय काही बाहेर यायची नाही. एवढ्या लोकांसमोर ती कधी बोलली नव्हती. पण दार हललं, पदर सावरत ती उंबऱ्याबाहेर आली आणि म्हणाली, "मी."

बाई पुढं झाल्या. त्यांनी मायला त्या नावानं हाक मारली. अगदी सरळ, रोज मारतात तशी. "या, बसा ना इथं." माय पाटाजवळ बसली. बाईंनी पुडीतली खडीसाखर काढली आणि मायच्या तळहातावर ठेवली. मग पोरांना कुणी सांगायलाच लागलं नाही. सगळ्यांनी ते नाव घेऊन एकच गिल्ला केला. जसं काही ते खेळातलं गाणं होतं. धर्मशाळेवाला लठ्ठ मुलगा सगळ्यात मोठ्यांदा ओरडत होता. मायनं तोंडावर पदर घेतला, पण पदराआड ती हसत होती, खांदे हलत होते. मग तिनं सगळ्यांना गरम गरम गुळाच्या पोळ्या वाढल्या. तूप इतकं घातलं होतं की पोरांच्या कोपरांपर्यंत ओघळ आले.

संध्याकाळी अण्णा आले तेव्हा गल्लीनं त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. ते कोट न काढताच मागच्या अंगणात गेले आणि हंड्यापुढं वाकून उभे राहिले.

"तुमाला दिसलं नव्हतं का कधी?" मायनं विचारलं.

"दिसलं होतं की," अण्णा ओशाळून म्हणाले. "मला वाटलं, तांबटाचं नाव आसंल."

माय एवढी हसली की तिला ठसका लागला. अण्णाही हसले. मग त्यांनी ते नाव हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणून बघितलं. मी ऐकलं. माय चुलीकडे वळली, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

त्यानंतर आमच्या वर्गाला वेडच लागलं. जो तो आपल्या घरची भांडी उलटीपालटी करायला लागला. तांब्या, परात, घागर, पोहरासुद्धा. सगळ्यांवर काहीतरी लिहिलेलं निघालं. कुणाच्या आजीचं नाव, कुणाच्या मामाचं, एका पातेल्यावर तर भलत्याच घरचं. ते कुठल्याशा लग्नात बदलून आलं होतं. ते पातेलं परत द्यायला आम्ही जुलूस काढून गेलो. त्या घरातल्या म्हातारीनं आपलं पातेलं ओळखलं आणि आमच्या सगळ्यांची दृष्ट काढली. गावात मराठी नाही म्हणून मी रडले होते, आणि ते असं घरोघर फडताळात उपडं घालून ठेवलेलं होतं.

बाई मग आठवड्यातून दोनदा दुपारच्या आमच्या घरी यायला लागल्या. मायच्या आणि शेजारच्या दोघीतिघींच्या पाट्या अंगणात मांडल्या गेल्या. मायला पुस्तकातलं 'क कमळाचा' काही रुचेना. "कमळ कुठं बगितलंय मी?" ती म्हणायची. बाईंनी तिला भांड्यांवरूनच शिकवलं. आपल्या नावातली अक्षरं तिला आधी आली, मग सासूच्या तांब्यावरची, मग शेजारणीच्या परातीवरची. मी शाळेतून आले की ती मला थांबवायची. "हे 'म' हाय का 'भ'? खरं सांग." मी सांगितलं की तिचा विश्वास बसायचा नाही, ती बाईंना परत विचारायची.

उन्हाळ्यात आम्ही मायच्या माहेरी गेलो. अण्णा काही आले नाहीत, तिचा भाऊ न्यायला आला होता. लातूरपर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं. लातूरच्या बाजारात गाडी जुंपेपर्यंत आम्ही एका झाडाखाली बसलो होतो. माय एकदम उठली आणि समोरच्या भुसार दुकानाकडे चालत गेली. दुकानावर पाटी होती, मराठी. ती तिथं उन्हात उभी राहून ओठ हलवत होती. परत आली तेव्हा भावाला म्हणाली, "तूर डाळ मिळंल, लिव्हलंय." तिचा भाऊ तिच्याकडे असा बघायला लागला की जणू ती मराठी सोडून इंग्रजीत बोलली.

माझा आजा म्हणजे हाडापेरानं मोठा माणूस. देवणी बैलांची त्याला भारी आवड. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे, सुरेख कपाळाचे बैल तो लेकरांसारखे वाढवायचा. आम्ही पोचलो तेव्हा तो गोठ्यात बैलांना खरारा करत होता. माय पाया पडली आणि पाणीही न पिता तिनं विचारलं, "आप्पा, माझ्या हंड्यावर नाव तुमी टाकलं व्हतं का?"

आजाचा हात बैलाच्या पाठीवर थांबला. "मी न्हाई तर कोन? लातूरच्या तांबटाकडनं टाकून घेतलं. त्यो म्हणला, पाटील, सासरचं नाव सांगा. म्या म्हणलं, माझ्या लेकीचं हाय त्येच टाक. मानसाचं नाव बदलत्यात, भांड्याचं कोन बदलतंय?"

"मग मला सांगितलं काहून न्हाई?"

"सांगनार व्हतो. मांडवात लई गडबड झाली. मग तू गाडीत बसलीस, आन् मी नुसता बैलांकडं बगत बसलो." आजानं उपरण्यानं तोंड पुसलं. मग जरा दबकत विचारलं, "बरुबर टाकलंय का पन त्येनं? मला काय वाचता येतंय? त्यो तांबट लई बेरकी दिसत व्हता. इतकी वरसं मनात हाय, की दुसरंच कायतरी ठोकलं आसंल तर."

"बरुबर टाकलंय," माय म्हणाली. "मी वाचलंय."

"तू?"

गोठ्याच्या दारात बारीक धूळ साचली होती. माय तिथं खाली बसली आणि बोटानं तिनं आपलं नाव लिहिलं. वेलांटी जरा वाकडी आली, ती पुसून तिनं परत काढली. आजा गुडघ्यांवर हात ठेवून वाकला.

"एवढुसंच?" तो म्हणाला.

"एवढुसंच."

"मला वाटलं लई लांब आसंल. त्यो तर सकाळपून दुपारपतुर ठोकीत बसला व्हता."

माय हसत हसत मागं भिंतीला टेकली. आजानं बैलाला बाजूला सारलं, त्याचा पाय त्या धुळीवर पडू नये म्हणून. मग तो वाड्याच्या तोंडाशी गेला आणि आल्यागेल्याला हाका मारायला लागला. शेजारचा कोळी आला, सुताराची बायको आली, माझी मामी पिठाच्या हातांनी आली. आजा प्रत्येकाला गोठ्याच्या दारात उभं करायचा आणि मायला म्हणायचा, "लिव्ह गं, आनिक एकदा लिव्ह. ह्येनं बगितलं न्हाई." आणि माय पदर खोचून पुन्हा खाली बसायची.